हात झटकला त्या रात्रीनंतर

‘माझ्यातली माया आटली आहे का?’ मी समुपदेशन करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या परिचारिका हा प्रश्न नाना तऱ्हांनी विचारतात. कुणी म्हणतं, पूर्वी पेशंट गेला की रडू यायचं, आता येत नाही. कुणी म्हणतं, घंटी वाजली की पोटात गोळा येतो. घरी आईवडिलांचं करणारी माणसं तर अर्धं वाक्य बोलून गप्पच होतात. त्यातल्या एका सिस्टरची ही हकिगत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आतबाहेर. वृद्धांच्या शुश्रूषागृहात ११ वर्षं, त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेलेली. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या आणि एकदम म्हणाल्या, ‘मॅडम, मी आजींचा हात झटकला.’

आजींना स्मृतिभ्रंश. रात्री दीड-दोनच्या सुमारास ‘माझी आई कुठे आहे?’ सुरू व्हायचं आणि जो जवळ असेल त्याचं मनगट त्या घट्ट धरून ठेवायच्या. त्या रात्री पलीकडच्या खोलीतली घंटी वाजत होती, आजी सोडेनात, आणि सिस्टरनी हिसका देऊन हात सोडवून घेतला. ‘किती वेळा सांगू, तुमची आई कधीच गेली!’ असंही ओरडल्या.

‘आजींना लागलं का?’ मी विचारलं.

समोरच्या माणसाची भावना आधी ऐकावी, असं आम्हाला शिकवतात. पण या गोष्टीत खोलीत नसलेलं एक माणूस होतं आणि त्याला स्वतःची तक्रार सांगता येत नव्हती. सिस्टर म्हणाल्या, सकाळी मनगटावर निळसर डाग दिसला. म्हातारपणी कातडी पातळ होते, तिच्याखालच्या नाजूक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही, जरा जोर पडला की काळंनिळं होतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. आठवडाभर त्या रोज तो डाग बघत होत्या. नोंदवहीत मात्र लिहिलं नव्हतं.

इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, असं मी सुरुवातीलाच सांगते; आणि कुणाला इजा होत असेल तिथे हे वचन संपतं, हेही त्याच दमात सांगते. ते वाक्य पुन्हा काढावं लागलं. ‘तुम्ही स्वतः सांगा, आणि लवकर सांगा,’ मी म्हणाले.

‘नोकरी जाईल.’

‘जाऊ शकते.’

खोटा धीर देऊन काय मिळणार होतं? रागाबद्दल मी त्यांना दोष दिला नाही. राग कुणालाही येतो. हिसका देणं हे कृत्य आहे आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर माणूस एक तर स्वतःला राक्षस ठरवतो, नाहीतर सगळंच माफ करून टाकतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इन्चार्ज सिस्टरना लेखी कळवलं. समज मिळाली, काही दिवस त्या आजींची जबाबदारी काढून घेतली, आणि आजींची डॉक्टरांनी तपासणी केली. मनगट ठीक होतं. लघवीत मात्र जंतुसंसर्ग निघाला. वृद्धांमध्ये अशा वेळी ताप येईलच असं नाही. कधी कधी अचानक वाढलेला गोंधळ आणि बेचैनी एवढंच दिसतं. सिस्टरना याचंच जास्त लागलं. ‘आधीची मी असते तर दुसऱ्याच दिवशी ओळखलं असतं. आजी नेहमीपेक्षा जास्त करतायत हे दिसत होतं, पण मला वाटलं, मुद्दाम करतायत.’

‘मुद्दाम करतायत’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. थकव्याने माया आटते की नाही ते नंतर बघू, नजर मात्र नक्की बोथट होते. काय दुखत असेल, कपडे ओले आहेत का, पोट साफ झालं का, हे प्रश्न मनात येणंच बंद होतं आणि त्यांच्या जागी ‘मला छळायला करतात’ येऊन बसतं.

दुसऱ्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. आजींना दर वेळी ‘आई गेली’ असं सांगणं म्हणजे दर वेळी नव्याने बातमी देणं, त्याऐवजी आईची आठवण काढून बोलतं करावं, असं मी समजावू लागले. सिस्टरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, नवीन मुलींना हे मीच शिकवते.’

मी ओशाळले. माहिती कमी पडत नव्हती. मग काय कमी पडत होतं?

मी त्यांना एक साधी वही करायला सांगितली. भावना वगैरे काही लिहायच्या नाहीत. राग आला की वेळ लिहायची, आणि आधीचे दोन तास काय केलं ते. तीन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा बहुतेक नोंदी पहाटे दोन ते चारमधल्या होत्या आणि त्याही सलग चौथ्या-पाचव्या रात्रीच्या. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. पाचपैकी चार नोंदींआधी ‘सहा नंबर’ लिहिलं होतं.

‘सहा नंबरला कोण आहे?’

‘नवीन पेशंट आहेत एक. आधी आजोबा होते.’

ते आजोबा चार वर्षं होते. गेले त्या सकाळी त्यांचे नातेवाईक आले, रडले. सिस्टरनी कागद भरले, चादरी बदलल्या, गादी पुसून घेतली. दुपारपर्यंत पलंगावर दुसरं माणूस. मी विचारलं, तुम्ही केव्हा रडलात? ‘मी कशाला? मी नातेवाईक थोडीच.’

मग आजोबांबद्दल सांगा म्हटलं. सुरुवातीला आजार आणि औषधं सांगितली. हळूहळू त्यांची रेडिओची खटपट निघाली, डास दिसला की सगळ्या वॉर्डला सूचना देण्याची त्यांची सवय निघाली. आणि मग सदरा. त्यांचा उजवा खांदा आखडलेला होता. सदरा चढवताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी, हा शुश्रूषेतला पहिला धडा. चार वर्षं रोज उजवी बाही आधी. नवीन पेशंटची डावी बाजू लुळी आहे. ‘तरी मी रोज उजवाच हात आधी उचलते, मॅडम. ते कळवळतात, मग माझ्या लक्षात येतं.’ एवढं बोलून त्या रडायला लागल्या. बराच वेळ रडल्या. मी काही बोलले नाही.

समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही, ज्यासाठी रजा नाही आणि कुणी भेटायलाही येत नाही, त्याबद्दल केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये सविस्तर मांडणी केली. शुश्रूषा करणाऱ्यांचं दुःख बरंचसं याच खात्यात पडून राहतं. चार वर्षं अंग पुसलेल्या माणसासाठी रडायला नातं कोणतं लागतं, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

पुढच्या भेटींत एक बारीकसा सराव केला. दुसऱ्याचं दुखणं पाहून आपल्यातही तेच दुखणं जागं होणं आणि दुसऱ्याचं भलं व्हावं अशी ऊब वाटणं, या दोन अवस्था वेगळ्या आहेत. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांत या दोन्हींच्या वेळी मेंदूतली वेगवेगळी जाळी काम करताना दिसली. पहिली अवस्था माणसाला पिळून काढते, दुसरी तग धरायला मदत करते, आणि ती सरावाने वाढवता येते. पण रात्रपाळीतल्या बाईला ‘रोज अर्धा तास ध्यान करा’ सांगणं मला जवळजवळ अपमान वाटतो. वेळ कुठून आणायचा? हात मात्र सिस्टर एका रात्रीतून कितीतरी वेळा धुतात. साबणाने नीट हात धुवायला जागतिक आरोग्य संघटना ४० ते ६० सेकंद सांगते. तेवढाच वेळ घेतला. पाणी हातावर असेपर्यंत श्वास लांब सोडायचा आणि मनात म्हणायचं, ‘हे दुखणं त्यांचं आहे, मी सोबतीला आहे.’ पहिल्यांदा त्यांना हसू आलं. नंतर म्हणाल्या, निदान हात तरी नीट धुतले जातात.

एक नियमही ठरला. राग हातात उतरतोय असं वाटलं की आजींचा पलंग खाली घ्यायचा, घंटी हाताशी ठेवायची, सहकारी बाईंना हाक मारायची आणि पाच मिनिटं बाहेर पडायचं. यात लाज नाही.

एवढ्याने निम्मंच भागतं. उरलेलं निम्मं पाळीपत्रकात असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पार गळून जाण्याची, व्याख्या करताना कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणाशी तो जोडला आणि त्याला आजार म्हटलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं. एकटीच्या माथी इतके पलंग आणि सलग पाच रात्री असतील, तर समुपदेशनाने ते गणित बदलत नाही. मी सिस्टरना वही घेऊन इन्चार्जकडे जायला सांगितलं. तक्रार करू नका, फक्त वेळा दाखवा, म्हटलं.

असंच वाटणाऱ्या कुणाला मी आणखी एक विचारते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कशातही रस उरलेला नाही का? जगणं नकोसं वाटतं का? गोळीशिवाय किंवा दारूशिवाय डोळा लागत नाही का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर माझ्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवेत. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर आजच.

सिस्टर सात भेटी आल्या. आजींची जबाबदारी पुन्हा मिळाली. शेवटच्या भेटीत सांगत होत्या, ‘परवा आजींनी मनगट धरलं. मी बसलेच जवळ. विचारलं, आई कशी होती हो दिसायला? तर म्हणाल्या, तुझ्यासारखी नव्हती, उंच होती.’ त्या हसल्या. सलग तीन रात्रींच्या वर पाळी लावणार नाही, असं इन्चार्जनी कबूल केलं आहे, पण तोंडी. सिस्टरनी ते लेखी मागितलं आहे.