पासबुक सोडायला तयार नसलेल्या खातेदारांविषयी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ज्येष्ठ खातेदार मोबाइल बँकिंगला तयार होत नाहीत आणि पासबुक भरून घेण्यासाठीच रांग लावतात, याचा तुला होणारा मनस्ताप मी समजू शकतो. परंतु ‘त्यांना शिकायचेच नाही’ हा तुझा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण नकार देणाऱ्यांच्या बाजूला मी स्वतः उभा राहिलेलो आहे.

1984 साली बँकांच्या यांत्रिकीकरणावर डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे काही वर्षांत आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारे यंत्र येऊन बसले. संगणकीकरणाला संघटनांचा विरोध होता आणि त्यामागे नोकऱ्या जाण्याची भीती होती, हे खरेच. पण माझे कारण वेगळे होते. लेजरमधल्या प्रत्येक नोंदीसमोर कोणाची तरी सही असे. ताळा जुळताना अगदी वीस पैशांचा फरक राहिला, तरी रात्री उशिरापर्यंत पाने उलटत बसल्यावर तो कोणाच्या तरी हस्ताक्षरात सापडे. यंत्राची चूक कोणाच्या सहीखाली शोधायची, हे मला कोणी सांगेना. शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्याने रोज संध्याकाळी यंत्राचा छापील कागद माझ्यासमोर हाताच्या लेजरशी ताडून त्यावर स्वतःची सही करायला सुरुवात केली, आणि महिनाभरात माझा विरोध मावळला.

तुझ्या काउंटरवर येणाऱ्या आजी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पासबुक काढतात आणि छापून झाल्यावर शेवटच्या ओळीवर बोट ठेवून शिल्लक वाचल्याशिवाय बाजूला होत नाहीत, ते नीट पाहा. फोन हरवला किंवा कोणी गोड बोलून ओटीपी काढून घेतला, तर नुकसान कोणाचे, हा त्यांचा प्रश्न असतो. आपण मात्र 2016 मध्ये आलेल्या यूपीआयची सोय सांगत राहतो आणि जोखमीबद्दल गप्प बसतो.

म्हणून आधी जोखीम सांग. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक खातेदाराची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली असेल, तर खातेदारावर भार येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच, हेही लपवू नकोस. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक पासबुकाच्या शेवटच्या पानावर ठळक लिहून दे. महिनाअखेरीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी हे काही न सांगता नोंदणी उरकणे मला गैर वाटते.

मग त्यांनाच मुलीच्या खात्यात दहा रुपये पाठवू दे. कितीही वेळ लागला, तरी फोन तुझ्या हातात घेऊ नकोस. व्यवहार झाला की लगेच पासबुक छाप आणि ती दहा रुपयांची ओळ त्यांना बोट ठेवून वाचू दे. त्यानंतरही त्या नको म्हणाल्या, तर पुढच्या महिन्यात पासबुक तितक्याच आपुलकीने भरून दे.

तुझा,
एक निवृत्त सहकारी