चार मिनिटं कुठे गेली?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीला दहावीला ८४ टक्के, गणितात ७१. तिला अकरावीला सायन्स घेऊन फिजिक्स शिकायचंय. बाबांचं म्हणणं, गणित कच्चं, सायन्सला टिकायची नाही, कॉमर्स घ्यावं.

मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. १३ मेला, शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवशी, ती गच्चीवर स्टीलचा डबा ठेवून बसली. सावली नाहीशी झाली ती १२ वाजून ३१ मिनिटांनी. बाराला का नाही? तिने शोधलं: आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतं, पुणे ७३.८५ वर, दर अंशाला चार मिनिटांचा फरक. हिशेबाने १२.३५ यायला हवे होते. मग ‘उरलेली चार मिनिटं कुठे गेली?’ म्हणत ती दोन दिवस वही घेऊन बसली. ताई, त्या ७१ पेक्षा मी या दोन दिवसांना जास्त वजन देईन. न सुटणाऱ्या प्रश्नाजवळ असं बसून राहणं कुठल्याच क्लासला शिकवता येत नाही. तिला सायन्स घेऊ द्या.

बाबांची काळजी मात्र खोटी नाही. अकरावी फिजिक्सचा दुसराच धडा गणिताचा आहे: व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. तिथे नव्वदवालेही अडखळतात. तिचे २९ मार्क बीजगणितात गेले की भूमितीत, ते आधी बघा. कॉलेज सुरू होईपर्यंत त्रिकोणमिती पक्की करून घ्या. आणि काहीही झालं तरी गणित सोडू नका; इंजिनिअरिंगची वाट त्यावाचून बंद होते. बारावी सायन्सनंतर कॉमर्सला जाता येतं, उलट वाट फार अवघड. झेपलं तर बायोलॉजीही ठेवा, कारण पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी हे चारही विषय असतात.

कॉलेज निवडताना कटऑफच्या आधी लॅब बघा. माझ्या कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवणं. एमएस्सीला पहिल्यांदा खरा लंबक हातात आला तेव्हा माझी रीडिंग जुळेनात, आणि मला रडू आलं होतं. तिच्यावर ती वेळ येऊ देऊ नका. आठवड्यातून किती प्रॅक्टिकल प्रत्यक्ष होतात, हे तिथल्या बारावीच्या मुलांना विचारा.

पोटापाण्याचं सरळ सांगते. नुसत्या बीएस्सीवर भागणं कठीण. संशोधनात जायचं तर बारावीनंतर एमएस्सी, पीएचडी धरून दहाएक वर्षं लागतात. पीएचडीला फेलोशिप मिळते. संशोधनासाठी पुण्याइतकं चांगलं गाव शोधून सापडायचं नाही. रसायनशास्त्राची एनसीएल, खगोलशास्त्राची आयुका, आयसर, सगळ्या संशोधन संस्था सिटी बसच्या टप्प्यात. २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. बाबांना घेऊन जा. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. एकीखाली उभं राहून लेकीचे प्रश्न त्यांना ऐकू द्या.

आणि तिला माझा निरोप: जुलैच्या शेवटी पुण्यात सावली पुन्हा एकदा नाहीशी होते. ढगांनी उघडीप दिली तर डबा ठेव. तेव्हा साधारण १२.४१ वाजतील, मेपेक्षा दहा मिनिटं उशिरा. रेखांश तर तोच आहे. का ते शोध, तुझी चार मिनिटंही तिथेच सापडतील.