वाचकांचे प्रश्न : दातांसह की दातांविना?

प्रश्न : जुन्या वेस्टर्न चित्रपटांत लंगडणारा, बोळक्या तोंडाचा आणि सतत कुरकुरणारा एक म्हातारा वारंवार दिसतो. या नटाला तीन ऑस्कर मिळाली, पण ती एक्स्ट्रा कलाकारांच्या मतांवर, असे वाचले. हे खरे आहे का? त्यांचा कोणता चित्रपट आधी पाहावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण विचारता ते नट म्हणजे वॉल्टर ब्रेनन (१८९४–१९७४). त्यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावचा. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये तोफखान्यात होते. पुढे कॅलिफोर्नियात जमिनींच्या व्यवहारात कमावलेला पैसा बुडाल्यावर पोटासाठी ते स्टुडिओंच्या दारी गेले आणि कित्येक वर्षे गर्दीतला माणूस म्हणून किंवा धोक्याची दृश्ये करून दिवस काढत राहिले.

मतांविषयीच्या बोलण्यात तथ्य आहे. त्या काळी ऑस्करच्या मतदानात एक्स्ट्रा कलाकारांनाही मत होते, त्यांची संख्या मोठी होती आणि ब्रेनन हे त्यांच्यातूनच वर आलेले असल्याने त्यांच्याविषयी तेथे जिव्हाळा होता. पण एवढ्यावरून ती पारितोषिके फुकटची ठरवणे मला पटत नाही. साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक प्रथमच दिले गेले ते १९३६ च्या चित्रपटांसाठी, आणि ते 'कम अँड गेट इट'मधील स्वीडिश लाकूडतोड्याच्या भूमिकेबद्दल ब्रेनन यांना मिळाले. त्यानंतर 'केंटकी' (१९३८) आणि 'द वेस्टर्नर' (१९४०). या विभागात तीनदा जिंकणारा दुसरा नट आजवर झालेला नाही.

१९३२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांचे दात गेले. देखण्या नायकाचे आयुष्य तेथेच संपले असते, परंतु ब्रेनन यांना त्यामुळे चाळिशीतच साठी-सत्तरीचा चेहरा मिळाला, आणि कवळी घालायची की काढून ठेवायची एवढ्या एका निर्णयावर ते वीस-पंचवीस वर्षांचे अंतर सहज ओलांडू लागले. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगत की, पहिल्या भेटीतच ब्रेनन यांनी त्यांना विचारले, "दातांसह की दातांविना?" (हॉक्स यांना किस्से रंगवून सांगण्याची सवय होती, हे लक्षात ठेवावे.) 'रेड रिव्हर' (१९४८) मध्ये तर त्यांचे पात्र पत्त्यांच्या डावात आपली कवळीच हरून बसते आणि जेवणापुरती ती रोज मागून घेते.

मात्र त्यांना केवळ विनोदी म्हातारा समजणे चुकीचे ठरेल. जॉन फोर्ड यांच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६) मध्ये आपल्या मोठ्या वयाच्या मुलांना चाबकाने फोडून काढणारा क्लँटन त्यांनी असा उभा केला आहे की, त्यात प्रेमळ आजोबाचा मागमूसही उरत नाही. १९५७ पासून 'द रिअल मकॉइज' या दूरचित्रवाणी मालिकेत ते कुटुंबप्रमुख आजोबा झाले, तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. म्हणजे पडद्यावरचे वय आणि खरे वय एकदाचे जुळले! राजकीय मतांनी ते कट्टर उजवे होते आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यांचा विरोध होता, हेही त्यांच्या चरित्राचा भाग म्हणून नोंदवले पाहिजे.

पाहण्याची सुरुवात मात्र 'द वेस्टर्नर'पासून करावी. टेक्सासमधला न्यायाधीश रॉय बीन स्वतःच्या दारूच्या गुत्त्यात न्यायालय भरवतो, वाटेल त्याला फासावर चढवतो आणि लिली लँगट्री या नटीच्या चित्रांची मात्र भक्तिभावाने पूजा करतो. तिच्या केसांची बट आपल्याजवळ आहे, अशी थाप मारून गॅरी कूपरचे पात्र फाशी टाळते, तेव्हा त्या क्रूर माणसाच्या चेहऱ्यावर जी लहान मुलासारखी अधीरता येते, ती पाहावी. नायक कूपर असले, तरी चित्रपट ब्रेनन यांचाच आहे, आणि त्या वेळी ते पन्नाशीचेही नव्हते.