कॉलेजच्या मुलांना कॅमेऱ्यासमोर पटेल असं बोलायला कसं शिकवावं?

वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलंच इथे जास्त अडखळतात, हा माझा अनुभव. 'सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक आणि...' म्हणेपर्यंत बघणाऱ्याचा अंगठा पुढच्या रीलवर गेलेला असतो. म्हणून पहिले दोन तास मी फक्त पहिल्या वाक्यावर घालवतो. विषय रक्तदान असेल तर 'रक्तदान श्रेष्ठदान' बाद. 'वय १८ पूर्ण, वजन ४५ किलोच्या वर? मग तुझं ३५० मिली रक्त कुणाच्या तरी कामी येईल' हे चालतं, कारण बघणारा लगेच स्वतःला त्यात मोजतो.

पुढच्या मांडणीला पर्ड्यू विद्यापीठातल्या अ‍ॅलन मन्रो यांचा १९३० च्या दशकातला क्रम आजही पुरतो: लक्ष वेधा, गरज दाखवा, उपाय सांगा, तो केल्यावरचं चित्र उभं करा, मग नेमकी कृती मागा. 'जागरूक व्हा' ही कृती नव्हे. 'शनिवारी १० वाजता जिमखान्यात या' ही कृती.

सराव मोबाइलवरच घ्या. ९० सेकंदांचा व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघायला लावा, एकदा स्क्रीन पालथी ठेवून ऐकायला. पहिल्यात भिरभिरणारे डोळे पकडले जातात, दुसऱ्यात पाठांतराची लय. पाठांतर मोडायला मी सरळ कागद काढून घेतो; मुलं चिडतात, चिडू द्या.