आग्नेय आशियातल्या एखाद्या गरीब देशात सामाजिक बदल नेमकं कोण घडवतंय?

तुम्ही विचारलंय की अशा देशांत समाज बदलणारी माणसं कोण आहेत आणि त्यांच्या कामाने खरंच काही फरक पडतो का. मी कंबोडियाबद्दल लिहितो. माझी सगळी नोकरी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात झाली, त्यामुळे सुरुवात पाण्यापासूनच करतो.

१९९३ साली राजधानी नॉम पेन्हमध्ये दिवसातून जेमतेम १० तास नळाला पाणी यायचं, तेही शहराच्या थोड्याच भागात. शंभर लिटर पाणी शुद्ध करून सोडलं तर त्यातल्या ७२ लिटरचे पैसे खात्याला मिळत नव्हते. काही गळतीत जायचं, काही चोरीत. नोंदवहीत ज्यांच्या नावावर नळ होता अशा हजारो घरांत पाणीच पोचत नव्हतं, आणि पाणी मिळत होतं अशा हजारो घरांचं नाव नोंदवहीत नव्हतं. चोरून जोडण्या देणाऱ्यांत खात्यातलीच माणसं होती. त्या वर्षी या खात्यावर एक सोन चान (‘एक’ हे त्यांचं आडनाव) नावाचे अभियंते आले. ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत (१९७५ ते १९७९) त्यांनी स्वतः श्रमछावणीत दिवस काढले होते आणि घरची बहुतेक माणसं गमावली होती.

चानसाहेबांनी आधी घरोघर माणसं पाठवून कोणाकडे नळ आहे, कोणाकडे नाही याची यादी नव्याने केली. मग प्रत्येक जोडणीला मीटर. चोरटी जोडणी कळवणाऱ्याला बक्षीस, आणि त्यात हात असलेल्या कर्मचाऱ्याला घरचा रस्ता. सगळ्यात अवघड होते ते बडे लोक. एका जनरलच्या घरी मीटर बसवायला कर्मचारी धजेनात, तेव्हा साहेब स्वतः गेले. जनरलने पिस्तूल थेट त्यांच्या डोक्याला लावलं. ते परतले, सशस्त्र माणसं सोबत घेऊन पुन्हा आले आणि जनरलचा नळ तोडला. पाणी हवं असेल तर कार्यालयात येऊन पैसे भरा, एवढंच.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या गावातलं एक घर आठवलं. मी नोकरीला नवा होतो. पाण्याचा दाब एका गल्लीत अचानक का पडतो ते शोधत होतो. खणून पाहिलं तर मीटरच्या अलीकडूनच दीड इंची पाइप काढून थेट जमिनीखालच्या टाकीत सोडलेला. वर मोटर. पुढच्या वस्तीतल्या बायका पहाटे तीनला उठून करंगळीएवढ्या धारेखाली हंडा लावून बसायच्या, त्याचं कारण हा पाइप. मी पंचनामा लिहिला. दुसऱ्या दिवशी वरून निरोप आला की खड्डा बुजवून टाका. मी बुजवला. म्हणून सांगतो, एका मीटरसाठी पिस्तुलापुढे उभं राहायला काय लागतं याचा मला थोडा अंदाज आहे.

पंधराएक वर्षांत नॉम पेन्हमधली ती ७२ टक्क्यांची तूट ६ टक्क्यांच्या आसपास आली. चोवीस तास पाणी, आणि तेही थेट नळाचं पिता येईल असं. पाणीपट्टी टप्प्याटप्प्याने तीनदा वाढवायचं ठरलं होतं, पण दोन वाढींतच खर्च निघू लागला आणि तिसरी करावीच लागली नाही. ज्या गरीब वस्त्या आधी टँकरवाल्यांसारख्या विक्रेत्यांकडून कितीतरी महाग पाणी घेत होत्या, त्यांना नळजोडणीत सवलत मिळाली, काहींना तर पूर्ण माफी. २००६ मध्ये चानसाहेबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आपल्या बाबा आमट्यांना १९८५ मध्ये मिळाला होता तोच. फरक पडतो का, याचं माझं पहिलं उत्तर म्हणजे हे खातं.

दुसरा माणूस अगदी वेगळ्या क्षेत्रातला. डॉ. छिम सोथेआरा हे मानसोपचारतज्ज्ञ. ख्मेर रूजच्या त्या पावणेचार वर्षांत तिथे १७ लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने, रोगाने, हत्यांत गेली. देशाची लोकसंख्याच तेव्हा ८० लाखांच्या घरात होती. जे वाचले त्यांना पाश्चात्त्य पुस्तकांतलं निदान नीट लागू होत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. लोक स्वतः ‘बाकस्बात’ म्हणत. मोडलेली हिंमत, असा त्याचा साधारण अर्थ. भीती अंगात मुरलेली, कोणावर विश्वास नाही, तोंड उघडायचं नाही.

त्या काळात जगायचं असेल तर ‘को’चं झाड लाव, असं लोक एकमेकांना सांगत. ‘को’ म्हणजे पांढरी सावर, आणि ‘को’ म्हणजे मुकासुद्धा. मुका राहा, वाचशील. आपल्या भाषेत त्याच झाडाचं नाव घेऊन आपण पडणाऱ्याला ‘सावर’ म्हणतो, हे मला तेव्हापासून विसरता येत नाही. डॉक्टर आणि त्यांचे सहकारी नेमकं हेच, माणसांना सावरायचं काम करतात. वाचलेल्या माणसाकडून त्याची हकीकत हळूहळू काढून घेऊन लिहायची आणि मग विहारात, भिक्खूंच्या साक्षीने, मेलेल्यांचं स्मरण करत ती मोठ्याने वाचायची. खेड्यांत साखळीला बांधून ठेवलेल्या मनोरुग्णांना सोडवायचं कामही त्यांची संस्था करते. कर्जतचे डॉ. भरत वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी जे करतात, त्याचं हे जवळचं नातं. वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं, सोथेआरांना २०२२ मध्ये.

आता तिसरी पिढी. हिच्याबद्दल लिहिताना मला त्रास होतो, कारण चानसाहेबांच्या पाठीशी जे सरकार उभं राहिलं, त्याच सरकारने या मुलांना तुरुंगात टाकलं. हुन सेन १९८५ पासून २०२३ पर्यंत पंतप्रधान होते, त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा. पाण्याचं खातं सुधारलं तर सत्तेचं काही बिघडत नव्हतं. नदीतली वाळू आणि शहरातली तळी यांचं तसं नाही, तिथे मोठा पैसा आहे. ‘मदर नेचर कंबोडिया’ या गटातल्या तरुणांनी वाळूउपशाचे व्हिडिओ काढून लोकांपुढे ठेवले. २०१७ मध्ये सरकारला वाळूच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली, त्यात या मुलांचा वाटा मोठा होता.

२०२० मध्ये लाँग कुंथिया या विशीतल्या मुलीने ठरवलं की नॉम पेन्हचं तमोक तळं बुजवलं जातंय, तर आपण एकटीने चालत पंतप्रधानांच्या घरी जायचं आणि भेट मागायची. ती चालायला लागण्याआधीच तिला आणि दोन साथीदारांना अटक झाली. वर्षाहून जास्त काळ आत काढून ती सुटली आणि पुन्हा कामाला लागली. मुकं राहून जीव वाचवलेल्या पिढीच्या या नाती. २०२३ मध्ये गटाला स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

२ जुलै २०२४ रोजी गटातल्या दहा जणांना सहा ते आठ वर्षांची शिक्षा झाली. कुंथिया आणि तिचे काही सोबती त्या दिवशी अंत्यविधीला घालतात तसे पांढरे कपडे घालून कोर्टापर्यंत चालत गेले आणि बाहेर रस्त्यावरच बसले. निकाल लागल्यावर पोलिसांनी त्यांना तिथूनच उचलून नेलं.