रानटी याक आणि पाळीव याक एकच का? रानटी याक धोक्यात का आहे?

सिक्कीमला त्सोमगो सरोवराकाठी पर्यटकांना ज्यावर बसवतात तो पाळीव याक. रानटी याक त्याच्यापेक्षा बराच दांडगा: नराचं वजन १००० किलोपर्यंत जातं. पोटाखाली झालरीसारखे लोंबणारे केस, त्याखाली दाट लोकर. कडाक्याची थंडी सोसतो, उकाडा मात्र अजिबात नाही. तो मुख्यतः तिबेटच्या पठारावर आढळतो, भारतात लडाखच्या चांग चेन्मो खोऱ्यात थोडेफार.

पूर्वी बेसुमार शिकारीने संख्या घटली. आज मला जास्त काळजी वाटते ती संकराची. पाळीव कळप कुरणांत वर सरकतात, रानटी नर त्यांतल्या माद्यांशी जुळतात आणि मूळ वाण पातळ होतो. शिवाय गुरांचे रोग आणि चाऱ्यासाठी स्पर्धा आहेच. शिकारीला कायद्याने बंदी आहे. पण कळप दूर ठेवायचे तर पशुपालकांना विश्वासात घ्यावंच लागेल.