सुपरहिरो कॉमिक्सनी राजकीय प्रश्नांत बाजू घ्यावी का?

घ्यावी. आणि तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय, की 'पूर्वी कॉमिक्स म्हणजे निव्वळ करमणूक होती, हल्ली प्रत्येक अंकात राजकारण घुसडतात', ते खरं नाही. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय. अंकावर तारीख मार्च १९४१ ची, दुकानांत आला डिसेंबर १९४० मध्ये. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला त्यानंतर वर्षभरानं झाला. म्हणजे अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती, उतरूच नये म्हणणारे लोक गल्लोगल्ली होते, आणि जो सायमन व जॅक कर्बी या दोन ज्यू पोरांनी त्यांच्यादेखत हे चित्र छापलं. धमक्या आल्या, पोलीस बंदोबस्त लागला. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, असं सायमननं पुढे लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी, १९३८ मधल्या पहिल्याच गोष्टीत सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो आणि वॉशिंग्टनमध्ये सिनेटरशी संधान बांधणाऱ्या दलालाला काखोटीला मारून तारांवरून पळवतो. तेव्हा 'पूर्वी' हा मुद्दा बाद.

खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ते 'घुसडतात' या शब्दामुळे. हाच शब्द मी २०१५ च्या दिवाळीत ऐकलाय, न्यू जर्सीत एडिसनला, माझ्या थोरल्या दिरांच्या घरी, फराळाची ताटली हातात असताना. तेव्हा मी गप्प बसले होते. आज बसणार नाही.

आम्ही जर्सी सिटीत राहतो. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. बोलणं कमी, वाचणं त्याहून कमी. शाळेत एका पोरानं त्याला 'टेररिस्ट' म्हटलं होतं आणि ते त्यानं दोन महिने आमच्यापासून लपवलं होतं. त्या वर्षी लायब्ररीतून त्यानं आपणहून एक पुस्तक आणलं, मिस मार्व्हलचा पहिला खंड, आणि चार वेळा वाचलं. नायिका कमला खान, सोळा वर्षांची, आईबाप कराचीहून आलेले, राहणार जर्सी सिटी. २०१४ मध्ये हे मासिक सुरू झालं, जी. विलो विल्सन लिहायची. पहिल्या पानावर कमला कोपऱ्यावरच्या दुकानात बेकनच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, सँडविचवर वाकून नुसता वास घेत उभी आहे. खायचं नाही हे पक्कं, पण वास सुटत नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे ते पान मुलाला समजावून सांगावं लागलं नाही.

तर त्या दिवाळीत पुस्तक सोफ्यावर पडलं होतं. भाऊजींनी ते उचललं, चष्मा कपाळावर सरकवून मागची बाजू वाचली. "ही पाकिस्तानी आहे?" कुणी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "बघा, आता कॉमिक्समध्येसुद्धा राजकारण घुसडायला लागले. आमच्या वेळी वेताळ होता, मँड्रेक होता. कुणाचा धर्म कुठला, विचारत होतं का कुणी?"

मुलगा म्हणाला, "काका, ती आपल्या गावची आहे."

सगळे हसले. भाऊजींनी पुस्तक फ्रिजवर ठेवून दिलं, त्याचा हात पोचणार नाही असं मागे सरकवून, आणि त्याच्या हातात चकली दिली. मोठ्यांचं घर, सणाचा दिवस. नवरा ताटलीतच बघत होता. मीही. परत येताना गाडीत मुलगा एवढंच म्हणाला, की ते मंगळवारी परत करायचंय.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी थेट एडिसनला गेले. भाऊजी घरी नव्हते. जाऊबाईंनी दार उघडलं तेव्हा पुस्तक त्यांच्या हातातच होतं. "काल रात्री वाचून काढलं मी," म्हणाल्या. मग चहा टाकला, आणि जे त्या कधीच बोलत नाहीत ते बोलायला लागल्या.

ती दोघं १९८६ मध्ये लग्न करून जर्सी सिटीत आली, जर्नल स्क्वेअरच्या जवळ. १९८७ च्या उन्हाळ्यात तिथल्या वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलं, की भारतीयांना जर्सी सिटीतून घालवायला आम्ही कुठल्याही थराला जाऊ. पत्र लिहिणाऱ्यांनी स्वतःला नाव दिलं होतं डॉटबस्टर्स. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. त्या सप्टेंबरात होबोकेनमध्ये पोरांच्या टोळक्यानं एका पारशी तरुणाला मारून मारून जिवानिशी मारलं. पाठोपाठ जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरला बेशुद्ध पडेपर्यंत बदडलं. या सगळ्या काळात जाऊबाई रोज पाथ ट्रेननं मॅनहॅटनला नोकरीला जायच्या. घरातून निघताना टिकली काढायच्या आणि पावडरच्या डबीतल्या आरशावर चिकटवून ठेवायच्या. ऑफिसात पोचलं की लावायची, संध्याकाळी निघताना परत आरशावर. "चिकटपणा जायचा गं. एक टिकली दोन दिवससुद्धा टिकायची नाही," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी पुस्तक उघडून एक पान माझ्यासमोर धरलं. कमलाला शक्ती मिळते तेव्हा ती सगळ्यांत आधी काय करते? गोरी, सोनेरी केसांची कॅरल डॅनव्हर्स, म्हणजे आधीची मिस मार्व्हल, होते. हिरो दिसतात ते असेच, हे तिच्या मनात इतकं पक्कं बसलेलं असतं. मग केस तोंडावर येतात, बूट चावतात, आणि तो घट्ट पोशाख काचतो. जाऊबाईंनी त्या चित्रावर बोट ठेवलं. "हेच करत होते गं मी."

एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. भाऊजींना टिकलीचं माहीत होतं, त्यांनीच तर सांगितलं होतं काढायला. पण त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. ते बोलणं एका कॉमिक्सनं करून दिलं, आणि तेही ज्यात राजकारण 'घुसडलंय' त्याच.

नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तेव्हा डझनांनी सुपरहिरो इमारतींवरून उड्या मारत होते. त्यातला एकही १९८७ मध्ये जर्नल स्क्वेअरच्या प्लॅटफॉर्मवर उतरला नाही. १९७० मधल्या ग्रीन लँटर्न/ग्रीन ॲरोच्या एका अंकात एक म्हातारा काळा माणूस ग्रीन लँटर्नला विचारतो, की तू परग्रहावरच्या निळ्या कातडीच्यांसाठी राबलास, नारिंगी आणि जांभळ्या कातडीच्यांसाठीही काहीबाही केलंस, मग काळ्या कातडीच्यांसाठी का नाही? ग्रीन लँटर्न मान खाली घालतो. डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांचं ते पान बटबटीत आहे, मला कबूल आहे. पण जाऊबाईंचा चहा पिताना मला तेच आठवत होतं.

आता वेताळाचं, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचं. माझ्या माहेरी, मिरजेला, इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे होते. १९६४ पासून ती मुंबईहून निघायची, टाइम्स ऑफ इंडियावाल्यांची. त्यात वेताळाचा देश म्हणजे डेंकाली. मूळ अमेरिकन चित्रपट्टीत त्या देशाचं नाव होतं बेंगाली. आताच्या, म्हणजे एकविसाव्या, वेताळाच्या बापाला मारणाऱ्या चाच्याचं मूळ नाव रामा, आपल्याकडे तो रामालू झाला. सिंग चाचे होते त्यांचे सिंगा झाले. भाऊजी, ही नावं आपोआप बदलली नाहीत. कुणीतरी संपादक टेबलाशी बसला आणि त्यानं ठरवलं, की खुनी चाच्याचं नाव रामा ठेवलेलं आपल्या वाचकाला खपणार नाही. बरोबरच ठरवलं. पण ते राजकारणच होतं. आपल्या बाजूचं होतं म्हणून तुम्हाला दिसलं नाही. आणि एक गोरं घराणं चारशे वर्षं आफ्रिकेच्या जंगलात न्यायनिवाडा करतं, तिथली काळी माणसं त्याला अमर मानून मान तुकवतात, ही गोष्ट आपण इंग्रज जाऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली असताना मिटक्या मारत वाचत होतो. माझा अजूनही वेताळावर जीव आहे. वेताळाचा जनक ली फॉक यानंच पुढे साठच्या दशकात त्या देशाला लुआगा नावाचा काळा राष्ट्राध्यक्ष दिला, याचंही मला कौतुक आहे. फक्त 'त्यात राजकारण नव्हतं' एवढं म्हणू नका.

ज्यांना कॉमिक्समध्ये राजकारण नको असतं, त्यांना बहुतेक वेळा मत नको नसतं, माणूस नको असतो. याचं सगळ्यांत उघडं उदाहरण सुपरहिरोचं नाही, विज्ञानकथेचं आहे, पण सांगते. १९५३ मध्ये ईसी कंपनीनं एक गोष्ट छापली. पृथ्वीवरून एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना वेगळ्या वस्तीत ठेवतात, आतून दोन्ही सारखेच. तो त्या ग्रहाला नापास करतो, यानात परत येतो आणि शेवटच्या चौकटीत हेल्मेट काढतो. तो काळा आहे. कपाळावर घामाचे थेंब चमकतायत. बस. १९५४ मध्ये कॉमिक्ससाठी आचारसंहिता आली, आणि १९५६ मध्ये हीच गोष्ट पुन्हा छापायची ठरली तेव्हा तपासणारे म्हणाले, हा माणूस काळा चालणार नाही. मग म्हणाले, निदान ते घामाचे थेंब तरी काढा. प्रकाशक बिल गेन्स अडून बसला, हे सगळं जगजाहीर करीन म्हणाला, आणि गोष्ट होती तशी छापली. घामाच्या थेंबांत कसलं आलंय राजकारण? पण त्यांना ते दिसलं. भाऊजींना मागच्या पानावरच्या एका नावात दिसलं तसंच.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एकच घेऊन बसली. बाजू घेतली म्हणजे ती बरोबरच असते असं नाही. ज्या कॅप्टन अमेरिकाचं मी वर कौतुक केलं, त्याच काळातल्या युद्धकॉमिक्समध्ये जपानी माणसं सुळेवाली, पिवळीजर्द राक्षसं म्हणून काढलीयत. ती बघवत नाहीत. १९५३-५४ मध्ये कॅप्टन अमेरिकाला पुन्हा उठवून कम्युनिस्टांना बडवायला लावलं, त्याचं मासिक तीन अंकांत बंद पडलं. १९७२ मध्ये त्याचा नवा लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यानं चक्क असं लिहिलं, की तो पन्नाशीच्या दशकातला खरा कॅप्टन नव्हताच, डोकं फिरलेला तोतया होता. कॉमिक्सनं स्वतःची चूक अशी दुरुस्त केलेली मला फार आवडते. त्याच एंगलहार्टनं १९७४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणाच्या ऐन धुमाळीत, कॅप्टनला एका कटाच्या म्होरक्याचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये नेलं. बुरखा निघतो, चेहरा आपल्याला दाखवत नाहीत, पण कॅप्टन बघतो. आणि पुढे तो आपला पोशाखच उतरवून ठेवतो. बाजू घ्यायची तर अशी. हिरोला त्याची झळ बसली पाहिजे. नुसतं भाषण करून उडून जाणारे हिरो मलाही नकोत, आणि हल्लीच्या अंकांत तसे सापडतात, हे तुमचं म्हणणं मी मान्य करते.

भाच्याला काय भेट द्यावं असंही तुम्ही विचारलंय. वय बारा म्हणालात, तर कमला खानचे पहिले दोन खंड द्या. त्यात राजकारण आहे का हे तो वाचल्यावर तुम्हाला सांगेल, आधी तुम्ही त्याला सांगू नका.

भाऊजी आता सत्तरीला आलेत. पुस्तक फ्रिजवर ठेवलं होतं हे त्यांना आठवत नाही. १९८७ चा विषय निघाला की उठून जातात. गेल्या दिवाळीत मुलगा कॉलेजातून आला होता, आणि बोलता बोलता त्यानं सांगितलं, की २०१६ च्या एका अंकात कमलाच्या पणजी-पणजोबांची गोष्ट आहे. फाळणीत ती मुंबई सोडून कराचीला गेली. भाऊजी गिरगावात वाढलेले. थोडा वेळ गप्प होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तो अंक आहे का तुझ्याकडे?"

घरी नव्हता, मुलाच्या खोलीवर होता. आता त्यानं पाठवलाय, टेबलावर पडलाय. शनिवारी एडिसनला जाणार आहे, तेव्हा घेऊन जाते.